आमच्या घराचं म्युझियम केलं तर...

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणणार होते. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात बोलण्यापुरतं आणि पेपरात मार्क घालवण्यापुरतं! ऱ्हस्व-दीर्घाचं संपादक मंडळाने बघून घ्यावं. पण गेलं वर्षभर एक विषय डोक्यातून जात नाहीये, आणि तो इंग्लिशमध्ये लिहिताच येणार नाही. कारण त्यातल्या निम्म्या शब्दांना इंग्लिश शब्दच नाहीत. उतरंड, देवळी, माळवद, जातं, वळचण... सांगा बरं!

झालं असं, की मागच्या वर्षी एका टेक्निकल इव्हेंटसाठी आम्ही आठ जण पुण्याला गेलो होतो. पेपर प्रेझेंटेशन सकाळीच आटोपलं. (नंबर आला नाही. तो विषय नको.) परतीची गाडी रात्रीची होती. अर्धी गँग म्हणाली मॉलमध्ये जाऊ. बरोबर आलेले सर म्हणाले, "मॉल काय पळून चाललाय का? चला, केळकर म्युझियम बघू." तोंडं वाकडी करत आम्ही बाजीराव रोडवरच्या नातूबागेपाशी पोचलो.

मला वाटलं होतं, म्युझियम म्हणजे तलवारी, नाणी आणि हातपाय तुटलेल्या मूर्ती. इथे बघते तर काय, अडकित्ते! एक नाही, दोन नाही, कपाटं भरून. दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे, खोबरं खवायच्या खवण्या, शेवया पाडायचे पितळी साचे, फणी-करंडे. पाय घासायच्या वज्रीसुद्धा, आणि त्यावर मोर-पोपटाची नक्षी! हे सगळं एका माणसानं जमवलं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 1896, मृत्यू 1990. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहायचे. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू गोळा करायला सुरुवात केली, गावोगाव हिंडले, पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. संग्रह वीस हजारांच्या वर गेला आणि 1975 साली त्यांनी तो सगळा महाराष्ट्र सरकारला देऊन टाकला. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीसाठी म्युझियमला नाव दिलं 'राजा दिनकर केळकर संग्रहालय'. हे वाचलं तेव्हा आमच्या ग्रुपचा दंगा जरा कमी झाला.

पण खरी गंमत पुढे झाली. आमच्यात धारूर तालुक्यातल्या खेड्यातला एक मित्र आहे. क्लासमध्ये इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची वेळ आली की तो मान खाली घालतो. तिथे मात्र तो आमचा गाईड झाला. हे काय? ते काय? याला कसं धरतात? तो सगळं सांगत होता. "हे तर आमच्या घरी अजून हाये की!" असं त्याने पाच-सहा वेळा तरी म्हटलं असेल. आणि मी, कॉन्व्हेंटमध्ये एलोक्युशनची बक्षिसं घेतलेली, प्रत्येक वस्तूखालची पाटी वाचत होते. ती पाटी वाचूनही कळत नव्हतं. माझ्याच आजीच्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंसाठी मला पाटी लागत होती!

बाहेर आल्यावर चहा पिताना तो मित्र म्हणाला, "समदं भारी हाये. पण घर कुठंय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. अडकित्ता आहे, पण सुपारी कातरत ओसरीवर बसलेले आजोबा नाहीत. शेवयांचा साचा आहे, पण उन्हाळ्यात तो दाबून दाबून ज्यांचे खांदे भरून आले त्या बायका नाहीत. केळकरांनी त्या काळात या वस्तू उचलल्या नसत्या तर सगळं मोडीत जाऊन वितळलं असतं, त्यामुळे त्यांच्यापुढे हात जोडावेत तेवढे थोडेच. पण वस्तू काचेमागे गेली की ती फक्त सुंदर उरते. तिचे कष्ट बाहेर राहतात.

वेळ होता म्हणून सरांनी आम्हाला गंज पेठेत महात्मा फुले वाड्यावर नेलं. तिथे उलट प्रकार! केळकर म्युझियममध्ये वस्तू होत्या, घर नव्हतं. इथे घर आहे, वस्तू फारशा नाहीत. साधंसुधं, बैठं घर, लहान खोल्या, लाकडी खांब, अंगण. जोतीराव आणि सावित्रीबाई इथे राहत होते. 28 नोव्हेंबर 1890 ला जोतीरावांचा मृत्यू इथेच झाला. पण सगळ्यात जास्त वेळ मी उभी राहिले ती पाण्याजवळ. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. शाळेत हे एका मार्काला होतं. 'फुलेंनी कोणता हौद खुला केला?' तिथे उभं राहिल्यावर पहिल्यांदा उलटा प्रश्न मनात आला. म्हणजे बाकीच्या घरांचे हौद कोणाकोणाला बंद होते? आमच्या घरचा?

हा प्रश्न घेऊन मी परत आले, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो थेट माझ्या अंगावरच आला.

केज तालुक्यात आमच्या गावी आजीचं जुनं घर आहे... होतं. मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, सागवानी खांब, वर माळवद. बाहेरून आलेल्या स्टाफसाठी सांगते, माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. आमच्या उन्हाळ्यात आत पंखा नसला तरी चालतं इतकं थंड. पावसाळ्यापूर्वी गळती थांबावी म्हणून दरवर्षी वर नवी माती टाकायची. आता पप्पा आणि काकांनी ठरवलं, की हे पाडून आरसीसी बांधायचं.

मला रडू आलं. पुण्याहून आल्यापासून मी जरा 'हेरिटेज' झाले होते! पाडायचं नाही, याचंच म्युझियम करू, असं मी जेवताना जाहीर केलं. काका हसले. आजी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "तू निजून दाखव माय आतमंदी. म्या नाय निजत."

30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात जवळपास आठ हजार माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात तेवढं नुकसान झालं नाही, पण हादरा बसला. आजी सांगते की त्यानंतर कित्येक दिवस सगळं गाव अंगणात झोपायचं. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. माझ्यासाठी किल्लारी म्हणजे अर्थक्वेक इंजिनिअरिंगच्या नोट्समधली एक केस स्टडी. आजीसाठी ते छताकडे बघत काढलेलं अर्धं आयुष्य.

मग मी सिव्हिलवालीसारखं वागायचं ठरवलं. टेप घेतला आणि मोजलं. आजी पायरीवर बसून विचारत होती, "काय मोजायलीस गं? इकायचंय का?" माळवदाची माती कडेला दीड फूट, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटर निघाली. मातीची घनता एका घनमीटरला 1700 किलो धरली तर एका चौरस मीटरवर साडेसातशे किलोच्या वर वजन होतं. 12 सेंटिमीटर जाडीच्या आरसीसी स्लॅबचं वजन साधारण 300 किलो येतं, म्हणजे हे अडीच पट! दहा बाय बाराच्या खोलीवर साडेआठ टन माती. त्या खोलीत माझे पप्पा जन्मले. खालच्या भिंतीत बाहेरून एक दगडी थर, आतून एक, मध्ये माती आणि चिपा. दोन्ही थरांना बांधून धरणारे आडवे लांब दगड जवळपास नाहीतच. जमीन हलली की थर सुटतात आणि भिंत फुगून फुटते. किल्लारीत नेमकं हेच झालं. आजीला हे गणित येत नव्हतं, पण तिचं उत्तर बरोबर होतं.

आणखी एक. ओसरीच्या कोपऱ्यात जातं होतं. मी लगेच म्हटलं, "आजी, हे किती अँटिक दिसतंय! आपण नव्या हॉलमध्ये ठेवू, वर काच टाकू, टी-पॉय होईल." आजी म्हणाली, "पहाटं तीनला उठून दळलंय म्या त्याच्यावर. पोरगं पाठीशी बांधून. गिरणी आली तव्हा साखर वाटली होती म्या." यावर काय बोलणार? ज्या वस्तूतून सुटका झाली म्हणून आजीनं साखर वाटली, त्यावर मी कॉफीचा मग ठेवणार होते.

तरी इथपर्यंत ठीक होतं. सामान काढताना परसदाराच्या वळचणीला हात घातला तर आत खोचलेली एक कपबशी निघाली. पांढरी, निळी किनार, कानाला तडा गेलेली. मला वाटलं सापडला खजिना! पळत आजीकडे नेली. आजीनं बघितलं आणि एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "टाक ते तिकडं."

मी दोन-तीनदा विचारल्यावर तिने सांगितलं. शेतात कामाला येणाऱ्या माणसांचा तो कप. सगळ्यांचा नाही, 'त्यांचा'. चहा वरून ओतायचा, त्यांनीच तो धुवायचा आणि त्यांनीच परत वळचणीला खोचायचा. घरात आणायचा नाही. "तव्हा तसंच होतं माय. सासूबाईनं दावलं तसं केलं." मी विचारलं, कधीपर्यंत? आजी काही बोलली नाही. काका म्हणाले, "जुनं काय उकरून काढतेस? दे इकडं, फेकून देतो."

मी दिली नाही.

माझं म्हणणं आहे ते इथूनच सुरू होतं. आपण 'जुनं ते सोनं' म्हणतो तेव्हा आपण निवड करत असतो. समई ठेवतो, पितळी डबा घासून शोकेसमध्ये लावतो, पानपुडा कौतुकाने दाखवतो. हल्ली तर हॉटेलांमध्येसुद्धा कंदील, जातं आणि बैलगाडीचं चाक लावतात. पण ती कपबशी कोणीच लावत नाही. घर म्हणजे नक्षी असलेली समई, तसंच घर म्हणजे वळचणीचा कपही. पहाटे तीनचं जातंही. साडेआठ टनांचं छतही. यातलं गोड तेवढं ठेवून बाकी पुसून टाकलं तर ते म्युझियम नाही, सेट आहे. सीरियलचा!

लायब्ररीत याविषयी शोधताना मला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातलं एक घर सापडलं. चाळीसारख्या इमारतीतली चार खोल्यांची जागा. तिथे ॲग्नेस टोवर्ड नावाची एक टायपिस्ट 1911 पासून 1965 पर्यंत राहिली. ना राणी, ना पुढारी, ना लेखिका. पण त्या बाईंनी फारसं काही फेकलंच नाही. बिलं, पत्रं, औषधाच्या बाटल्या, जॅम, सगळं राहिलं. आज ते घर जसंच्या तसं लोक तिकीट काढून बघतात. आपल्याकडे घर जपायचं म्हणजे आत कोणीतरी मोठं जन्मलेलं असावं लागतं. टिळकांचं रत्नागिरीचं जन्मघर जपलं, फुले वाडा जपला, ते जपायलाच हवेत. आपल्या अंबाजोगाईत दासोपंतांनी कापडावर लिहिलेली 'पंचीकरण'ची पासोडी इतकी शतकं टिकली. पण साध्या शेतकऱ्याचं, शिक्षकाचं, तलाठ्याचं घर? आपल्या जिल्ह्यात असं घर बघायला कुठे जायचं? आणखी पंधरा-वीस वर्षांनी माळवद कसं होतं हे विचारायला कोणाची आजी शिल्लक असेल?

कोणी म्हणेल, मग ही बया सगळ्यांना माळवदाखाली झोपवणार का! अजिबात नाही. आमचं घर पाडलं ते बरंच झालं. मी आता ते मनापासून म्हणते. पण गावात एखादं तरी घर मजबूत करून ठेवता येतं. भूकंपानंतर अशा घरांसाठी उपाय सुचवले गेले होतेच. छतावरची माती कमी करायची, खांब आणि तुळयांच्या सांध्यांना तिरके आधार द्यायचे, भिंतीचे दोन थर मध्ये काँक्रीट घालून एकत्र बांधायचे. हे रॉकेट सायन्स नाही, आपल्या सिलॅबसच्या आवाक्यातलं आहे. आणि ज्यांचं घर ठेवणं शक्य नाही त्यांनी ते निदान मोजून तरी ठेवावं.

मी मोजलं. एका शीटवर प्लॅन आहे, दोन सेक्शन आहेत. प्रत्येक खोलीचं आजीनं सांगितलेलं नाव आहे. कोण कुठे झोपायचं, पाहुणे कुठपर्यंत यायचे, बायका चार दिवस कुठे बसायच्या, कामाची माणसं कुठे थांबायची, हेही लिहिलंय. वळचणीच्या जागी बाण काढून 'कप' असं लिहिलंय. पप्पांनी तो बाण बघितला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "स्केल लिहायची राहिलीय." एवढंच! पण शीट त्यांनी स्वतः नीट गुंडाळून दिली.

ती कपबशी मी हॉस्टेलवर आणली. (रेक्टर मॅडम, हीटर नाहीये, नुसता कप आहे.) माझ्या रूममेटने विचारलं, हा फुटका कप कशाला? मी दोन दिवस टाळलं. शेवटी सांगितलं, कारण सांगणं भागच होतं. आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहतो, एका ताटात जेवतो, पण हा विषय आमच्यात कधीच निघाला नव्हता. तिने कप हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. मला वाटलं ती चिडेल किंवा रडेल. ती शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीला विचारलं तर ती घरं मोजून सांगेल, कोणाकोणाकडं होता ते." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या आजीचं घर मोजलंस. माझ्या आजीचं कोण मोजणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी एवढं 'मध्यमवर्गीय घराचं म्युझियम' करत बसले होते, पण वळचणीचा कप ज्यांच्या हातात जायचा त्यांच्या घराचा विचारच मी केला नव्हता. कप आमच्या घरात होता, पण गोष्ट तर दोन्ही घरांची होती.

डिसेंबरमध्ये एका रविवारी आम्ही दोघी तिच्या गावी गेलो. एक खोली, पुढे पडवी, मातीच्या भिंती, वर पत्रा. पंधरा मिनिटांत मोजून झालं. पण आजी बोलायला लागल्या त्या संध्याकाळपर्यंत थांबल्याच नाहीत. कोणत्या साली कोणती भिंत पडली, पत्रे कसे आले, पाणी कुठून आणायचं, विहिरीवर किती वेळ कोणी वाढेल याची वाट बघायची. निघताना त्यांनी चहा केला. स्टीलच्या पेल्यात. मी तो प्यायले आणि पेला धुवायला उठले, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाळा, पाव्हण्यानं धुयाचं नसतं." मला मान वर करता येईना.

आता दोन शीट आहेत माझ्याकडे, एकाच स्केलवर काढलेल्या. शेजारी शेजारी लावल्या की आपल्या जिल्ह्याचा सत्तर वर्षांचा इतिहास दिसतो. तो कुठल्याही पुस्तकात मला इतका स्पष्ट दिसला नव्हता.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एकच विनंती. या हॉस्टेलमध्ये आपण कितीतरी गावांतून आलोय. यंदाच्या सुट्टीत प्रत्येकाने एक घर मोजा. आपलं किंवा शेजाऱ्याचं, वाडा असो की पत्र्याचं. टेप सर्व्हेइंग लॅबमधून मिळेल का, हे मी सरांना विचारणारच आहे. स्टाफलाही विनंती आहे, की याला मिनी प्रोजेक्ट म्हणून मान्यता द्या. नाहीतरी आम्ही सीनियरची जर्नल्स उतरवून काढतोच की! त्यापेक्षा हे बरं. मेकॅनिकलवाल्यांनी जात्याचा टॉर्क काढावा, इलेक्ट्रिकलवाल्यांनी गावात लाईट कधी आली ते लिहावं. शब्द मात्र आजी-आजोबांचेच लिहा. आणि नुसतं सुंदर तेवढं लिहू नका. वळचणीत हात घालून बघा.

कप अजून माझ्या टेबलावर आहे. त्यात मी पेन ठेवत होते, रूममेटने ते काढून टाकले. म्हणाली, "रिकामाच राहू दे."

— तृतीय वर्ष, सिव्हिल